लेक निघाली सेवेला

या पानावर आपण एरवी तुरीच्या डाळीला भुंगा लागू नये म्हणून काय करावे, अवचित पाहुणे आले तर ताटात काय वाढावे, असल्या गोष्टी बोलतो. आजचा विषयही तसा पाहुण्यांचाच आहे म्हणा. फरक एवढाच की या वेळी पाहुणी आपल्या घरी यायची नाही. आपल्याच घरची लेक दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून निघाली आहे. तीही परदेशी, आणि तीही सेवा करायला!

झाले असे. मागच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी आमच्या वन्सं शेवगावला आल्या. पिशवीत मेथी-कोथिंबीर होती आणि चेहऱ्यावर काहीतरी सांगायची घाई. पाणी पिऊन होते न होते तोच त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यांची लेक, म्हणजे माझी भाची, नगरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण जिभेवरचे नगर अजून जात नाही.) तिने एका सहलीची माहिती आईला पाठवली होती. कंबोडियाला दोन आठवडे जायचे. सकाळी एका अनाथालयातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचे, दुपारी शाळेच्या भिंती रंगवायच्या, मुक्काम तिथल्याच एका कुटुंबात. त्यांच्याबरोबर जेवायचे, त्यांचे नाच-गाणे, देऊळ-सण बघायचे. शेवटी प्रमाणपत्र. फी एक लाख दहा हजार, विमानाचे भाडे निराळे.

"वहिनी, पोरगी चांगल्या कामाला जाते म्हणते. कापसाचे पैसे आत्ताच हातात आलेत. पाठवू ना?" वन्संनी विचारले.

चांगल्या कामाला नाही कोण म्हणेल हो? आणि शेवगावच्या मुलीने विमानात बसून परदेश बघावा, चार लोकांत राहावे, याचा मला आनंदच आहे. आमच्या वेळी पैठणला नाथषष्ठीला जायचे तरी घरात तीन माणसांची परवानगी लागे. तरीही माझ्या तोंडून लगेच 'हो' निघाले नाही. त्याचे कारण दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्याच स्वयंपाकघरात घडले होते, आणि ते मी आजवर घरातही कोणाला सांगितले नव्हते.

त्या वर्षी एका संस्थेतर्फे परदेशातल्या कॉलेजच्या तीन मुली आमच्या वस्तीवर पंधरा दिवस राहायला आल्या. संस्थेचे नाव सांगत नाही, कारण चूक एकट्या संस्थेची नव्हती. त्यात माझाही वाटा होता. मुली आल्या जुलैत. त्यांच्याकडे तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते. आपल्याकडे त्या दिवसांत काय असते ते तुम्हाला सांगायला नको. कापूस वीतभर झालेला, तण त्याच्याही वर चाललेले, आणि घरटी प्रत्येक बाई खुरपे घेऊन रानात. त्यात त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. गावाला टँकर चालू होता, तोही चार-चार दिवसांनी यायचा.

मुली गुणी होत्या, खोटे कशाला बोलू? एकीने भाकरी थापायचा फारच नाद घेतला. तिची भाकरी शेवटपर्यंत नकाशासारखीच झाली, पण जिद्द सोडली नाही. दुसरी खुरपायला आली आणि तणाबरोबर कापसाची अर्धी ओळ उपटून मोकळी झाली. आमचे हे बांधावरून नुसते बघत राहिले, पाहुणीला बोलायचे कसे! त्यांच्यासाठी रोज दहा लिटर पाणी उकळून गार करायचे, भाजी मिरचीवेगळी काढायची, त्यांना सकाळी नाश्ता लागतो म्हणून तो वेगळा. सिलिंडर अठरा दिवसांत संपला. संस्थेने खर्चाचे थोडेफार दिले, पण माझी खुरपणी राहिली, मग शेवटी मजूर लावून करावी लागली. हा हिशेब त्या मुलींना कोणी दिला नाही, मीही नाही. पाहुण्याला कोणी हिशेब दाखवतो का?

त्यांना संस्थेने काम दिले होते बायकांना स्वच्छता शिकवायचे. देवळाच्या सभामंडपात संध्याकाळी बायका जमवल्या. दिवसभर वाकून कंबर मोडलेल्या बायका, पण परदेशी पोरी आल्यात म्हणून आल्या बिचाऱ्या. मुलींनी मोठी रंगीत चित्रे आणली होती. हात कसे धुवावेत, बोटांच्या बेचक्या कशा चोळाव्यात, सगळे छान करून दाखवले. भाषांतराला मी. माझे इंग्रजी म्हणजे बारावीपर्यंतचे, पण वस्तीवर तेवढेही दुसऱ्या कोणाला नव्हते.

सगळे झाल्यावर त्यांनी विचारले, कोणाला काही बोलायचे आहे का? आमच्या शेजारच्या मावशी मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, हात धुवायचं आम्हाला आईनं शिकवलंय. टँकर चार दिवसांनी येतो, एवढं त्यांना माहीत आहे का? त्या पाण्यात आम्ही हात धुवायचे, का ढोरांना पाजायचं, हे विचार त्यांना."

तिघींनी माझ्याकडे बघितले. हसऱ्या चेहऱ्याने, उत्सुकतेने. आणि मी काय सांगितले असेल? "शी इज सेईंग थँक यू."

टाळ्या झाल्या. मावशींना वाटले, आपला प्रश्न पोहोचला. मुलींनी वहीत लिहून घेतले की बायकांना कार्यक्रम फार आवडला. ते वाक्य मावशींचे नव्हते, माझे होते. पाहुण्यांचे मन मोडू नये, दुसरे काय!

वन्संना मी ही हकीकत सांगितली तेव्हा त्या थोड्या फणकारल्याच. "म्हणजे परदेशातल्या पोरी आपल्या घरी आलेल्या चालतात, आणि माझी पोरगी गेली की मात्र शंका!" बोलणे लागले मला. पण मैत्रिणींनो, माझा मुद्दा नेमका तोच होता. कंबोडियातल्या त्या घरीही माझ्यासारखी एक बाई असणार. ती पहाटे उठून पाहुणीसाठी पाणी उकळणार, आणि कोणी काही खरे बोललेच तर हसून 'थँक यू म्हणते आहे' असे सांगणार. आपली पोरगी समाधानाने प्रमाणपत्र घेऊन परत येणार. त्यातले खरे किती, हे तिला कधीच कळायचे नाही.

मग परदेशी सेवेला जाऊच नये का? असे मी मुळीच म्हणत नाही. आपल्याच महाराष्ट्रातल्या माणसाने ते कसे करावे याचा धडा घालून दिला आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळे नाव पुष्कळांना ठाऊक असते, पण तपशील फारसा कोणी सांगत नाही. १९३७ साली जपानने चीनवर चढाई केली. जखमींना डॉक्टर मिळेनात, तेव्हा चीनकडून मदतीची विनंती आली आणि काँग्रेसने सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. त्यांतले चोळकर नागपूरचे. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही झाले नव्हते.

यात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक, त्यांना बोलावणे होते; उगाच कोणी 'चला सेवा करू' म्हणून निघाले नव्हते. दुसरे, त्यांच्या हातात विद्या होती. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते: ते चिनी भाषा शिकले. नुसते 'नमस्कार, कसे आहात' एवढ्यापुरते नव्हे, तर तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत वैद्यक शिकवण्याइतके. वडील वारल्याची बातमी त्यांना तिकडेच कळली, तरी हातातले काम सोडून ते परतले नाहीत. तिथल्याच कुओ चिंगलान या परिचारिका-शिक्षिकेशी १९४१ साली लग्न केले. १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला कोटणीस गेले, वय अवघे बत्तीस. चीनमध्ये त्यांचे स्मारक आहे, सोलापुरातही आहे. चार वर्षे तिथल्या माणसांत राहिलेल्या डॉक्टराला मावशींसारखी कोणी काही बोलली असती, तर मध्ये दुभाषी लागला नसता.

तुम्ही म्हणाल, ते युद्ध होते, ती माणसेच वेगळी. बरे, मग घरगुती उदाहरण घ्या. मुंबईच्या विक्रोळीत १९६६ ते १९६८ या काळात एक अमेरिकन आजीबाई राहत होत्या. लिलियन कार्टर त्यांचे नाव. विधवा, मुले मोठी झालेली, पेशाने नर्स, वय वर्षे अडुसष्ट! अमेरिकेच्या 'पीस कोअर'ची जाहिरात त्यांनी पाहिली आणि नाव नोंदवले. तीन महिने प्रशिक्षण झाले, इकडच्या भाषेचे धडे झाले, मग विक्रोळीच्या गोदरेजच्या वसाहतीत दाखल. आधी त्यांना कुटुंबनियोजनाच्या कामाला लावले होते. ते काम त्यांच्या मनाला काही मानवले नाही. पुढे दवाखान्यात काम मिळाले आणि तिथे त्या रमल्या. कुष्ठरोग्यांचीही शुश्रूषा केली. घरी पाठवलेल्या पत्रांचे पुढे १९७७ मध्ये पुस्तक झाले, कारण तोवर त्यांचा मुलगा जिमी अमेरिकेचा अध्यक्ष झाला होता. पण विक्रोळीत औषधाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना त्या अध्यक्षांच्या मातोश्री म्हणून ठाऊक नव्हत्या. सुई नीट टोचणारी म्हातारी म्हणूनच ठाऊक असणार. अडुसष्टाव्या वर्षी, मैत्रिणींनो! आपल्याकडे त्या वयाच्या बाईला आपण मोबाईलचे बटण दाबायलाही नातवाला बोलवायला लावतो.

ही पीस कोअरची मंडळी भारतात १९६१ ते १९७६ पर्यंत येत होती, आणि साधारण दोन-दोन वर्षे राहायची. दोन वर्षांत एक तरी दुष्काळ, एक तरी लग्नसराई, एक तरी मयत बघायला मिळते. गाव म्हणजे काय ते तेव्हा कळायला लागते. पंधरा दिवसांत गावाचा फक्त पाहुणचार कळतो.

तरी थोड्या दिवसांचे काम सगळे वाया असते असेही नाही हं. याच लिलियनबाईंचे चिरंजीव, तेव्हा माजी अध्यक्ष झालेले, २००६ मध्ये लोणावळ्याजवळच्या पाटण गावी आले होते. घरबांधणीचे काम करणारी एक जागतिक संस्था आहे, तिच्यातर्फे देशोदेशींचे दोनेक हजार स्वयंसेवक जमले आणि शंभर घरांचे काम आठवड्यात उभे केले. पण तिथे कारागीर होते, साहित्य आधी येऊन पडलेले होते आणि ज्यांची घरे ती कुटुंबे स्वतः बरोबरीने राबत होती. पाहुण्यांना विटा द्यायला लावल्या, तर तेवढे ते करू शकतात. पंधरा दिवसांसाठी येऊन मुलांचे शिक्षक व्हायचे, ही गोष्ट वेगळी.

आता त्या अनाथालयाबद्दल. भाचीला मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, "मामी, त्या मुलांना कोणीच नाहीये गं, आपण दोन आठवडे तरी माया लावू." तिचे मन चांगले आहे. म्हणूनच मी तिला स्पष्ट सांगितले. कंबोडिया आणि नेपाळ या दोन्ही देशांत असे दिसून आले आहे की पर्यटक आणि देणग्या वाढल्या तशी अनाथालयेही वाढली, आणि त्यांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. शिक्षण मिळेल, पोटभर जेवायला मिळेल, असे सांगून गरीब आई-बापांकडून मुले आणलेली असतात, कारण पाहुण्यांना दाखवायला अनाथालयात मुले तर हवीत! ऑस्ट्रेलियाने तर २०१८ साली गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा मुलांना अशा रीतीने अनाथालयात आणून ठेवणे हा माणसांच्या व्यापाराचाच प्रकार मानला. सगळीच अनाथालये तशी नसतात, हे मलाही कळते. पण चांगले अनाथालय दोन आठवड्यांच्या अनोळखी माणसाला मुलांत सोडतच नाही. आपल्या पोराला शाळेत दर पंधरा दिवसांनी नव्या बाई आल्या, प्रत्येकीने कुरवाळले आणि प्रत्येक जण कायमची निघून गेली, तर त्याचे काय होईल ते आपल्याला कोणी सांगायला नको.

फोनवर बराच वेळ काही आवाजच येईना. मग म्हणाली, "मामी, मग मी शिकू तरी कुठं? मला खरंच बाहेरचं बघायचंय."

प्रश्न रास्त होता. तेव्हा मला आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचे जामखेड आठवले. नर्सिंगच्या मुलीला ते ठाऊक नाही असे नव्हते, पण घरच्या विहिरीचे पाणी कोणाला गोड लागते! वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे १९७० साली जामखेडला आले. त्यांनी नुसता दवाखाना काढला नाही; गावोगावच्या बायकांना, त्यांतही लिहिता-वाचता न येणाऱ्या, दलित, टाकलेल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. बाळंतपण, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी, लसी, कुष्ठरोगाचा डाग ओळखणे. त्या भागात १९७१ साली जन्मणाऱ्या हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. १९७६ पर्यंत तो आकडा ५२ वर आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये.

पण सांगायची गोष्ट पुढे आहे. जामखेडला कितीतरी वर्षे देशोदेशींचे डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी येत आले. ते शिकवायला येत नाहीत, शिकायला येतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत गावातल्या या बायाही असतात. नऊवारी नेसलेली बाई पुढे बसते आणि परदेशी विद्यापीठात शिकलेला मुलगा वहीत टिपून घेतो. अशाच एक मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनला आरोग्याच्या मोठ्या परिषदेत बोलल्या. इस्पितळे झुंबरासारखी असतात आणि आपल्यासारख्या बाया लहान दिव्यासारख्या. पण दिव्यावर दिवा लावता येतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभागृह उठून उभे राहिले म्हणतात.

भाचीला मी म्हटले, "तू परदेशी जा, पण त्या पोरासारखी वही घेऊन जा. चित्रं घेऊन जाऊ नको."

मग आम्ही दोघींनी मिळून त्या सहलीवाल्यांना विचारायचे प्रश्न काढले. तुमच्याही घरी अशी लेक, सून, पुतणी असेल तर उपयोगी पडतील म्हणून सांगते. या कामासाठी गावाने बोलावले आहे का, आणि गावातल्या कोणाशी आधी बोलता येईल? ज्या घरी राहायचे त्या बाईला रोजचे किती मिळतात? एक लाख दहा हजारांतले गावात किती पोहोचतात आणि जाहिरातीत किती जातात? भिंत आम्ही रंगवली नाही तर तिथला कोणी रंगारी ती रोजंदारीवर रंगवणार होता का? कारण मग आपण पैसे भरून त्याची रोजी हिसकावतो आहोत. मुलांमध्ये काम असेल तर माझ्या चारित्र्याचा पोलीस दाखला मागणार की नाही? ही गोष्ट फार महत्त्वाची बरं का. जे कोणाचाच दाखला मागत नाहीत, ते तिथे आणखी कोणाकोणाला घेऊन येत असतील! आणि भाचीने आपणहून घातलेला एक प्रश्न: तिथे भाषांतर कोण करणार?

कागदपत्रांचेही जपायला हवे. पुष्कळ देशांत प्रवासी व्हिसावर फुकटचे कामसुद्धा चालत नाही, मग पोरगी विमानतळावर अडकते. आपल्या सरकारचा नियम त्या मानाने सोपा आहे. परदेशी माणसाला पर्यटक ई-व्हिसावर महिनाभरापर्यंत बिनपैशाची सेवा करता येते. पण म्हणून सगळीकडे तसेच असेल असे धरू नये, त्या त्या देशाच्या वकिलातीकडून खात्री करावी. आफ्रिकेतल्या ज्या देशांत पिवळा ताप आहे तिकडे जायचे असेल तर त्याची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यायला हवी, आणि पिवळे कार्ड जपून ठेवायचे. परत येताना ते नसले तर आपल्याच विमानतळावर वेगळे काढून ठेवतात.

नेपाळला जायचे असेल तर भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्रावर जाता येते. शिवाय नेपाळी भाषा आपल्याच लिपीत लिहितात. पहिल्या दिवसापासून दुकानाची पाटी, एसटीचा फलक वाचता येतो, आणि दोन-तीन महिने मन लावले तर घरातल्या बाईशी चुलीपाशी बसून बोलता येते. तिथे दोन्ही वेळा डाळ-भात, त्यामुळे आपल्या पोरीच्या पोटाचीही आबाळ होत नाही. कंबोडियात मात्र आंबवलेली मासळी बऱ्याच कालवणांत असते. घरात माळ असलेल्या मुलीने ते आधीच सांगावे. ताटावर बसल्यावर नाक मुरडू नये. आपल्याकडे कोणी तसे केले तर आपण वर्षभर नावे ठेवतो.

पैसे न घेता, उलट राहण्याखाण्याचा भत्ता देऊन स्वयंसेवक पाठवणारी व्यवस्थाही आहे. संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना १९७० पासून चालू आहे. पण तिथे हातात विद्या आणि बहुधा थोडाफार अनुभव बघतात, नुसता उत्साह चालत नाही. नर्सिंग पुरे करून दोन-चार वर्षे काम केलेल्या मुलीला तिथे संधी असते. आणि ज्यांना घाम गाळून बघायचा आहे त्यांच्यासाठी बाबा आमटे यांनी १९६७ साली सुरू केलेली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी आहे, चंद्रपूर जिल्ह्यात, मे महिन्यात. विदर्भातला मे! तिथे आठ दिवस कुदळ चालवलेली मुलगी पुढे परदेशातल्या यजमानीणबाईकडे उकळलेले पाणी मागताना दोनदा विचार करील.

हो, पाहुणी म्हणून जाताना काय न्यावे हे तुम्ही विचारणारच. चॉकलेटे वाटू नयेत. दुसऱ्या दिवसापासून मुले मागे लागतात आणि त्यांच्या आया संकोचतात. यजमानीणबाईसाठी एखादी चांगली विळी, किसणी, स्टीलचा डबा न्यावा. आपले अंथरूण आपण गुंडाळावे, पाणी ती वापरते तेवढेच वापरावे, आणि कोणाच्याही मुलाचा फोटो त्याच्या आईला विचारल्याशिवाय काढू नये.

सहलीवाल्यांकडून चार दिवसांनी उत्तर आले. सहा प्रश्नांपैकी दोनांना. कुटुंबाला 'योग्य तो मोबदला' दिला जातो, आणि भाषांतराला 'स्थानिक मार्गदर्शक' असतो. पोलीस दाखल्याबद्दल अवाक्षर नाही. भाचीने पैसे भरले नाहीत.

वन्सं माझ्यावर अजून थोड्या रुष्ट आहेत. त्यांनी बहिणी-बहिणींत सांगूनही टाकले होते की पोरगी परदेशी चालली, आता सगळ्यांना तोंड कसे दाखवायचे! परवा वास्तुशांतीला भेटल्या तेव्हा माझ्याशी मोजकेच बोलल्या. कापसाच्या पैशांतून ठिबकच्या नळ्या घेतल्या असे आमच्या ह्यांच्याकडून कळले. भाचीचे म्हणाल तर ती परीक्षा झाली की जामखेडला महिनाभर राहता येते का याची चौकशी करते आहे, आणि रात्री झोपताना अर्धा तास नेपाळी शिकते. मला फोनवर ऐकवते. मराठी-हिंदीसारखेच वाटते, मधेच एखादा शब्द निसटतो.

त्याच फोनवर तिने मला विचारले, "मामी, तू त्या तिघींना नंतर कधी खरं सांगितलंस का?"

नव्हते सांगितले. त्यातल्या एकीचा, भाकरीवालीचा, पत्ता माझ्या जुन्या हिशेबाच्या वहीत सापडला. आता ती तिशीच्या पुढे असेल, पत्ताही बदलला असेल. तरी पत्र लिहायला घेतले आहे. इंग्रजी भाचीकडून तपासून घेईन. मावशी गेल्याला आता चार वर्षे झाली, पण त्यांचे वाक्य पहिल्याच ओळीत लिहिले आहे, टँकरच्या दिवसांसकट.